टोपलीतला आवाज

पडदेवालीच्या कामाच्या खोलीत वस्तू टाकायच्या जागा दोन. दाराशी एक पोतं उभं असतं, त्यात जातो तो कचरा. आणि कापायच्या टेबलाखाली एक वेताची टोपली असते, तिच्यात जे जातं त्याला कचरा म्हणायची कुणाची छाती नाही. मखमलीचा वीतभर तुकडा, जुन्या पडद्याची उसवून ठेवलेली चांगली झालर, पितळी कड्या, एखाद्या अडनिड्या खिडकीचं माप घेतलेली कापडाची पट्टी. कपाटात ठेवलेलं हरवतं, खणात ठेवलेलं विसरतं, पण टोपलीत टाकलेलं हवं तेव्हा हाताला लागतं, असा तिचा अनुभव होता. या बाबतीत ती कुणाचं ऐकून घेत नसे.

मग एका सोमवारी सकाळी टोपली रिकामी निघाली. टेबलाखालची नव्हे, कम्प्युटरमधली. आणि तिच्यात तिच्या भावाचा आवाज ठेवलेला होता.

हे नीट कळायचं तर आधी घरातली माणसं कळायला हवीत. नवरोबांपासून सुरुवात करू, कारण घरातली प्रत्येक गोष्ट जागेवर असण्याचं, आणि म्हणूनच न सापडण्याचं, श्रेय त्यांचं. ते एका मोठ्या गोदामात भांडारपाल होते. निवृत्त झाले तेव्हा खुर्ची तिथेच ठेवली आणि सवयी घरी घेऊन आले. भरलेलं टेबल दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. कात्री मिळत नाही म्हणून बायकोने घर डोक्यावर घ्यावं आणि त्यांनी शांतपणे सांगावं, "धारदार वस्तू, दुसरा खण, डावीकडे." टोपलीला मात्र ते हात लावत नाहीत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी ती एकदा 'साफ' केली होती. त्यानंतर घरात जे काही झालं त्याबद्दल दोघंही बोलत नाहीत, पण तेव्हापासून टोपली तिची आणि बाकीचं घर त्यांचं, अशी वाटणी पक्की झाली.

कम्प्युटर आला तेव्हा हीच वाटणी त्यातही शिरली. पडदेवाली गिऱ्हाइकांच्या खिडक्यांचे फोटो काढून स्क्रीनवर ठेवायची. रविवारी नवरोबा स्क्रीन आवरायला बसायचे आणि ते फोटो 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये, तिथून 'इतर जुने'मध्ये, तिथून 'इतर जुने तपासायचे'मध्ये जाऊन गडप व्हायचे. ती रडकुंडीला यायची. मग एक दिवस तिचं लक्ष स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या टोपलीच्या चित्राकडे गेलं. तिने कुणाला काही विचारलं नाही. टोपलीत काय ठेवायचं हे तिला शिकवायला कोण येणार होतं? फोटो ओढले आणि टोपलीत टाकले. रविवार आला, गेला, फोटो जिथल्या तिथे! भरलेली टोपली नवरोबांना दिसत होती, बघून त्यांचा जीव वरखालीही होत असेल, पण करार म्हणजे करार. तेव्हापासून महत्त्वाचं असेल ते टोपलीत, लागेल तेव्हा बाहेर, काम झालं की परत आत. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं.

आता दादा. पडदेवालीचा थोरला भाऊ, लग्नाच्या भानगडीत कधी न पडलेला, भिंतीपलीकडच्या खोलीत राहणारा. त्याने अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवलं. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो दाबून दाबून दादाच्या उजव्या पायाला अशी खोड लागली की घरात गप्पा मारतानाही कुणी भलतंच बोलायला लागलं की पाय दाणकन जमिनीवर आपटायचा. आणि आवाज तर काय विचारता! "क्लच! क्लच म्हटलं मी! देवाचं नाव नंतर घ्या!" त्याच्याकडे शिकलेली माणसं वीस वर्षांनी चौकात गाडी थांबवतात तेव्हाही त्यांच्या कानात हेच वाजतं.

दुपारी तो डुलकी काढायला आडवा व्हायचा आणि नेमकं तेव्हाच पडदेवालीचं मशीन सुरू व्हायचं. "चिमे, मशीन बंद कर!" भिंतीपलीकडून गर्जना यायची. चिमी हे तिचं लहानपणचं नाव. ते वापरणारा आता तो एकटाच उरला होता. "कानात बोळे घाल!" ती उलट ओरडायची आणि मशीन आणखी जोरात हाणायची. याला भांडण कोण म्हणेल? दोघांची ती रोजची विचारपूस होती.

मग दादाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, स्वरयंत्र काढावं लागेल. त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना गाडी दादाच चालवत होता.

दवाखान्यात वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. घरात त्यांचं नाव वाचाबाईच पडलं. त्यांनी मार्ग सांगितला: ऑपरेशनच्या आधी दादाने ठरावीक वाक्यं आपल्या आवाजात वाचून ठेवायची. त्यांवरून कम्प्युटरला त्याचा आवाज बनवता येतो. पुढे दादाने टॅबवर टाइप करायचं आणि टॅबने दादाच्याच आवाजात बोलायचं. म्हणजे शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून ब्रेक म्हणून ओरडताही आलं असतं, आणि दादाला तेवढंच हवं होतं. "रेकॉर्डिंग मात्र जिवापाड जपा," वाचाबाई म्हणाल्या. "एकदा ऑपरेशन झालं की पुन्हा करता येणार नाही, हे लक्षात आहे ना?" पडदेवालीने मान डोलावली.

दुपारी दादा तिच्या खोलीत येऊन कम्प्युटरसमोर बसायचा, डोक्याला माइक लावून. वाक्यं तरी कसली! "झाडावरून पिवळं पान खाली पडलं." "पाहुण्यांनी खिडकीतून जहाज पाहिलं." दादा आधी वाक्याचा नंबर म्हणायचा, मग वाक्य, तेही असं सावधपणे की जणू तोंडी परीक्षा आहे. पडदेवालीने मशीन बंद ठेवायचं ठरलेलं होतं. पण एका मोठ्या सभागृहाच्या पडद्यांचं काम अंगावर होतं, हातांना उसंत नव्हती आणि पाय तिच्या नकळत पेडलवर जायचा. घर्रर्र! "चिमे! मशीन बंद कर म्हटलं ना! गेलं ना जहाज पाण्यात!" फुकट गेलेलं वाक्य दादा तिथल्या तिथे डिलीट करायचा. चांगली वाक्यं स्क्रीनवर साठत जायची. आणि रविवारी नवरोबांचा हात फिरायच्या आत पडदेवाली ती सगळी, एकूण एक, काळजीने टोपलीत टाकायची.

ऑपरेशनची तारीख अचानक अलीकडे आली. वाचाबाई म्हणाल्या, आधी जखम भरू द्या, मग रेकॉर्डिंग घेऊन या. दादा घरी आला तो गळ्याला पट्टी बांधून, हातात पांढरी पाटी आणि पेन घेऊन. भिंतीपलीकडची गर्जना संपली. मशीनचा त्रास झाला की तो भिंतीवर दोनदा ठोकायचा आणि पडदेवाली ताबडतोब मशीन थांबवायची. बोळे घाल म्हणायला तिची जीभ उचलत नव्हती.

आणि अशातच कम्प्युटर जळाला. भर दुपारी, चालू असताना, प्लास्टिक करपल्याचा वास आला आणि स्क्रीन काळी झाली ती झालीच. नवरोबा जराही डगमगले नाहीत. उलट त्यांना आतून आनंदच झाला असावा, कारण ते दर महिन्याला एका काळ्या डिस्कवर अख्ख्या कम्प्युटरचा बॅकअप घ्यायचे आणि आजवर कुणी त्याचं कौतुक केलं नव्हतं. नवा कम्प्युटर आणला, दुकानदाराने जुन्याच्या बॅकअपमधून सगळं नव्यात उतरवून दिलं आणि सोमवारी सकाळी नवरोबांनी तो टेबलावर मांडला.

"बघ," ते म्हणाले. "जसंच्या तसं! जणू काही झालंच नाही."

खरंच सगळं होतं. लग्नांचे फोटो, विजेची बिलं, 'इतर जुने तपासायचे'सुद्धा. नवरोबा चहा टाकायला आत गेले. पडदेवालीने टोपलीवर क्लिक केलं.

'हे फोल्डर रिकामं आहे.'

तिने बंद करून पुन्हा उघडलं. मग पुन्हा. नवीन आहे, वेळ लागत असेल, तिने स्वतःला सांगितलं, आणि सांगताना तिला कळत होतं की हे खरं नाही. तेवढ्यात दारात दादा. पाटीवर लिहिलेलं: 'शुक्रवारी वाचाबाई. आठवण आहे ना?' खाली त्याने एक छोटीशी गाडी काढली होती. महिनाभरात त्याने पहिल्यांदाच पाटीवर चित्र काढलं होतं.

"आहे की! सगळं तयार आहे," पडदेवाली म्हणाली. इतक्या सफाईने ती कधी खोटं बोलली नव्हती. दादा पाटी पुसत गेला आणि तिने दुकानदाराला फोन लावला.

"ताई, टोपलीतलं नाही आणलं," तो म्हणाला. "कामाचं तेवढं सगळं आणलंय. कचरा कोण आणतं?"

"आणि जुना कम्प्युटर?"

"तो भंगारात गेला. साहेबच म्हणाले, अडगळ नको."

साहेब चहाचे कप घेऊन आत आले. पडदेवालीला बोलायचं होतं ते एका दमात बाहेर पडलं, मागचं पुढे, पुढचं मागे. नवरोबांना आधी काहीच उमगेना. उमगलं तेव्हा त्यांनी कप टेबलावर ठेवले, तेही बशीशिवाय, यावरून काय ते समजा.

"टोपलीत?" ते म्हणाले. "दादांचा आवाज तू टोपलीत ठेवलास?"

"मग कुठे ठेवणार होते? तुमच्या 'इतर'मध्ये?"

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते कम्प्युटरच्या मागे बघत होते. तिथे काळी डिस्क जोडलेली होती आणि तिचा बारकासा निळा दिवा लुकलुकत होता.

"आज सोमवार," नवरोबा हळूच म्हणाले. "मी याला आज नवीन बॅकअप घ्यायला सांगितलंय. जुन्याच्या जागी. टोपली असलीच तर त्या जुन्यात."

एवढं बोलून या शिस्तीच्या माणसाने टेबलाखाली उडी घेतली आणि वायर हिसकून काढली. एक कप कलंडला, चहा सभागृहाच्या पडद्यावर गेला आणि आयुष्यात प्रथमच दोघांपैकी कुणीही फडकं आणायला धावलं नाही.

बसथांब्याजवळ जिन्याखालच्या गाळ्यात कम्प्युटर दुरुस्त करणारी एक बाई बसते. चष्मा डोक्यावर, समोर उघडी यंत्रं, आणि गिऱ्हाईक काय बोलतंय ते मान वर न करता ऐकायची तिची रीत. डिस्क रुमालात गुंडाळून, दोन्ही हातांनी धरून पडदेवाली तिच्यापुढे उभी राहिली. मागे नवरोबा.

"काय हवंय यातलं?"

"टोपली."

"रिसायकल बिन? लोक माझ्याकडे ती रिकामी करून घ्यायला येतात. काय होतं तिच्यात?"

"महत्त्वाचं सगळं," पडदेवाली म्हणाली.

बाईने मान वर केली. आधी हिच्याकडे पाहिलं, मग नवरोबांकडे. नवरोबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. पडदेवालीने मग दादाचं सांगितलं. बाईने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि डिस्क जोडली.

बॅकअप उघडला. जुन्या कम्प्युटरची खोलीन् खोली दिसायला लागली. बाईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, ओठ आवळले.

"नाही दिसत काही."

पडदेवालीने टेबलाची कड धरली. तिला वाटलं, आता घरी जायचं, दादाच्या खोलीत जायचं आणि सांगायचं. काय सांगायचं? की तुझा आवाज मी कचऱ्यात टाकला? डॉक्टरांनी काढला तेवढा पुरेसा नव्हता म्हणून उरलेला मी काढला? तिच्या डोळ्यांपुढे पाटीवरची ती गाडी येत होती.

"थांबा हो, रडू नका. टोपली लपवलेली असते," बाई पुटपुटली. "आणि मी उघडत होते ती माझ्याच कम्प्युटरची टोपली. तुमची वेगळी." तिने काही खटपट केली. एक फोल्डर उमटलं, फिकट, असून नसल्यासारखं. त्यावर क्लिक केल्याबरोबर सूचना आली: हे दुसऱ्या कम्प्युटरवरच्या व्यक्तीचं आहे, तुम्हाला ते उघडण्याची परवानगी नाही.

"माझ्याच टोपलीची मला परवानगी नाही?" पडदेवाली भडकली. भीती अशी रागाच्या वाटेने बाहेर पडली की तिला जरा बरं वाटतं.

"याला काय माहीत तुम्ही कोण ते. जुना कम्प्युटर ओळखत होता, तो गेला. आता मालकी माझ्या नावावर करून घेते."

मालकी बदलायला वेळ लागला. एक हिरवी रेघ कासवासारखी पुढे सरकत होती आणि नवरोबा तिच्याबरोबर हळूहळू पुढे वाकत होते. अखेर फोल्डर उघडलं. आत फाइलींचा हा ढीग! पण एकीलाही धड नाव नाही. डॉलरचं चिन्ह आणि पुढे अक्षरं-आकड्यांची खिचडी.

"टोपलीत टाकलं की नाव बदलतं," बाई म्हणाली. "ऐकत जाऊ एकेक."

पहिली फाइल कुणाच्या तरी अंगठ्याचा फोटो निघाली. दुसरी विजेचं बिल. तिसरी पुन्हा अंगठाच. नवरोबा दिलगिरीच्या सुरात म्हणाले, "तो माझा आहे." चौथीवर क्लिक केलं आणि त्या जिन्याखालच्या गाळ्यात, उघड्या यंत्रांच्या पसाऱ्यात, दादा बोलला.

"एकशे बारा. झाडावरून पिवळं पान खाली पडलं."

पडदेवाली स्टूल ओढून यंत्राजवळ बसली. महिनाभर तिने हा आवाज ऐकला नव्हता आणि आपण तो विसरायला लागलो होतो हे तिला त्या क्षणी कळलं. तो किंचित घोगरा होता, 'पिवळं' म्हणताना जरासा लांबलेला. नवरोबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाईने पुढची फाइल लावली.

पण सगळं नव्हतं. नंबर जुळवत गेले तशी पहिली शंभरेक वाक्यं निघेचनात. बाईने सांगितलं, टोपलीला तळ असतो तशी कडही असते. काठोकाठ भरली की ती सगळ्यात जुनं ते गुपचूप फेकून देते, कुणाला न विचारता. वेताची टोपली असं कधी वागली नसती, असं पडदेवालीला वाटलं. उलट दुसरंच काहीतरी भरपूर निघत होतं. दादाने डिलीट केलेली फसलेली वाक्यं. तीही त्याच टोपलीत पडली होती. मागे मशीनची घरघर आणि पुढे दादा: "चिमे, पाय काढ पेडलवरून!" "तू काय जहाजाला पडदे शिवतेस काय गं?" "हे बघ, मला आता हसवू नकोस. एकशे चाळीस. पाहुण्यांनी... अगं हसू नकोस म्हटलं ना!"

पडदेवालीने फोन करून वाचाबाईंना खरं ते सांगितलं. त्यांनी आधी उरलेल्या वाक्यांचे नंबर लिहून घेतले. मग म्हणाल्या, "चांगली वाक्यं कमी पडतात. आवाज तुटक होईल. त्यांचं आणखी काही बोलणं आहे का?"

"फसलेली आहेत. पण त्यात दादा माझ्यावर ओरडतोय."

"चालेल. मागचा आवाज पुष्कळसा काढता येतो. पण मग तयार होणारा आवाजही थोडा तसाच निघेल, रागीट. त्यांना विचारल्याशिवाय मी ते वापरणार नाही. तुम्ही विचारा."

म्हणजे सांगावं लागणारच होतं. घरी येताना पडदेवाली रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होती आणि दादाच्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर ती सगळी विसरली. तिने काहीही न लपवता सांगून टाकलं: टोपली, दुकानदार, काळी डिस्क, गेलेली वाक्यं. दादा खुर्चीत बसून ऐकत होता. तिचं संपलं तेव्हा त्याने पाटी उचलली. ती वाट बघत राहिली. त्याने ती कोरी पाटी मांडीवर पालथी घातली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

पूर्वी रागावला की तो घर दणाणून सोडायचा. या पालथ्या पाटीपुढे काय करायचं हे तिला कळेना. ती आपल्या खोलीत आली, मशीनसमोर बसली, पण पेडलवर पाय ठेवला नाही. भिंतीपलीकडून ठोकल्याचाही आवाज नाही. नवरोबांनी दोनदा डोकावून पाहिलं आणि आल्या पावली परत गेले. आपण भावाचा विश्वास घालवला, असं तिला वाटत होतं, आणि तो परत आणायला कुठल्या डिस्कवर बॅकअप नव्हता.

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तेव्हा दादा दारात आला. पाटीवर एकच शब्द: 'ऐकव.'

तिने लावलं. आधी पिवळं पान. दादा मान खाली घालून ऐकत होता, चेहरा दगडासारखा. मग तिने घाबरत घाबरत फसलेली वाक्यं लावली. "तू काय जहाजाला पडदे शिवतेस काय गं?" दादाचे खांदे हलायला लागले. गळ्याला पट्टी असलेला माणूस आवाजाशिवाय रडतो कसा आणि हसतो कसा, यातला फरक तिला अजून ओळखता येत नव्हता.

"दादा, चुकलं माझं. मला काय माहीत रे ती टोपली अशी असते, मी आपलं तुझं नीट राहावं म्हणून, यांच्या हातात सापडू नये म्हणून, माझ्याच हाताने मी..."

दाणकन दादाचा उजवा पाय जमिनीवर आपटला. ब्रेक. ती बोलता बोलता थांबली. त्याने वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण तो हसत होता. त्याने पाटीवर लिहिलं: 'रागीटच बनवा. गोड आवाज कोण ओळखेल माझा?' मग थोडा विचार करून खाली लिहिलं: 'टोपली नाही, पेन ड्राइव्ह. दोन.'

नवरोबांनी तीन घेतले. एक दादाकडे, एक वाचाबाईंकडे, एक 'आवाज, महत्त्वाचा, इतर नाही' अशी चिठ्ठी लावून कपाटाच्या वरच्या कप्प्यात.

आवाज बनायला बराच काळ लागला. पडदेवालीचा जीव तेवढे दिवस टांगणीला होता. जमलंच नाही तर? दादाऐवजी कुणी परकाच माणूस बोलायला लागला तर? वाचाबाईंचा फोन वाजला की ती आधी सुई खाली ठेवायची. सभागृहाचे पडदे पुन्हा शिवून झाले, चहाचा डाग पडलेला पट्टा कापून टोपलीत गेला. मग एक दिवस दादा आणि नवरोबा दवाखान्यात गेले ते टॅब घेऊन परत आले. "कसा आहे?" तिने विचारलं. दादाने काही दाखवलं नाही. सरळ आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. नवरोबा म्हणाले, "मलाही ऐकवला नाही." पडदेवालीने काय ते ओळखलं. जमलं नसणार. ती मशीनवर बसली, कारण हातांना काहीतरी द्यायला हवं होतं. एक कान मात्र भिंतीकडे होता. आता ठोकेल, मग ठोकेल.

त्याने ठोकलं नाही.

"चिमे, मशीन बंद कर!"

तिचा पाय पेडलवरून आपसूक उचलला गेला. भिंतीपलीकडून तो आवाज आला होता, किंचित घोगरा, चांगलाच वैतागलेला. शब्द थोडे एकमेकांपासून लांब पडत होते, पण 'चिमे' म्हणताना तो तसाच लांबला होता.

"ऐकू नाही आलं!" ती ओरडली.

पलीकडे टाइप करायला वेळ लागत होता. ती थांबली, हात मांडीवर घट्ट धरून.

"चिमे. बहिरी झालीस का? मशीन बंद कर."

पडदेवालीने पेडलवर पाय ठेवला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मशीन सोडलं.

"कानात बोळे घाल!" ती भिंतीकडे तोंड करून ओरडली, आणि डोळे पुसायला टेबलाखालच्या टोपलीतून हाताला लागला तो मखमलीचा तुकडा ओढून घेतला.